तिच्या बटणावर कोणाचाच हात नव्हता

मी एक जुनी टेप आहे. कापड मोजायची नव्हे, खोकी चिकटवायचीही नव्हे, गाणी साठवायची. बोटभर रुंद, तपकिरी, ताटाएवढ्या पत्र्याच्या रिळावर गुंडाळलेली. मित्रांनो, तुमच्यातल्या पुष्कळांनी माझी जात पाहिलीही नसेल. त्यात तुमचा दोष नाही. ज्यांनी आम्हांला वापरलं त्यांनीच अडगळीत टाकलं, तर तुम्ही कुठून पाहणार?

माझा जन्म कारखान्यातला. प्लास्टिकची लांबच लांब फीत, तिच्यावर लोखंडाच्या गंजाची भुकटी, आणि ती भुकटी धरून ठेवायला एक प्रकारचा डिंक. एवढंच माझं अंग. आवाज त्या भुकटीत उमटतो. डिंक टिकला तर आवाज टिकतो. खोक्यावर छापलं होतं, ‘वर्षानुवर्षं टिकणारी’. छापणाऱ्याचं काय जातं?

माझ्या अंगावर चार वाटा आहेत, शेजारी शेजारी, पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत. एका वाटेत एकच आवाज राहतो. चौघे एकदम धावतात, पण कोणी कोणाच्या वाटेत पाय टाकत नाही. म्हणून हवा तो आवाज नंतर एकटा काढून ऐकता येतो. हे नीट ध्यानात घ्या, कारण पुढचं सगळं भांडण त्यावरूनच आहे.

ऐंशीच्या दशकात मी एका बँडच्या हाती लागले. रॉक वाजवणारा, चौघांचा बँड. नाव फारसं नव्हतं आणि पुढेही झालं नाही. गिटार वाजवणाऱ्याला सगळे ‘राजे’ म्हणायचे, कारण खोलीत एकच खुर्ची असली की ती त्याची. ड्रम वाजवणारा गॅरेजात काम करायचा; तो ‘दादा’. बेस गिटारवर ‘लांब्या’, जो प्रत्येक दारातून वाकून यायचा आणि बोलायचा मात्र कधी नाही. आणि गाणारी दादाची धाकटी बहीण. तिला सगळे ‘छोटी’ म्हणायचे. ती कपडे शिवायच्या कारखान्यात मशीनवर बसायची.

हा त्यांचा पहिलाच अल्बम होता. रेकॉर्डिंगची खोली म्हणजे एका छापखान्याच्या मागची कोठी. भिंतीला अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवलेले, दाराला जाड घोंगडी. मधे काच, काचेच्या अलीकडे यंत्रं आणि यंत्रांपुढे रेकॉर्डिस्ट काका. जाड भिंगांचा चष्मा, मानेवर ओला टॉवेल आणि तोंड फाटकं.

“चार वाटा, चार माणसं,” काका म्हणाले. “आता तरी भांडू नका.”

गिटार माझ्या एका कडेला गेली, ड्रम दुसऱ्या कडेला. छोटी आणि लांब्या मधल्या दोन वाटांत. वाद्यं आधी घेतली; छोटी शेवटी काचेपलीकडे एकटीच गायली, तेव्हा बाकी तिघे काकांजवळ उभे होते.

छोटीचा आवाज गोड नव्हता. गोड आवाज ऐकायचा असेल तर दुसरीकडे जा. तिचा आवाज खरखरीत होता, नवं कापड टरकावल्यासारखा. पण सुरावर असा बसायचा की खिळा ठोकावा. मी तो अंगावर घेतला आहे, म्हणून मला सांगायचा हक्क आहे. एकही सूर घसरला नाही. एकही नाही.

मग मिक्सिंगचा दिवस आला. मित्रांनो, तेव्हाची पद्धत सांगते. माझ्यावरचे चार आवाज एकत्र करून दुसऱ्या, बारीक टेपवर उतरवायचे, आणि मग तिच्यावरून तबकडी छापायची. प्रत्येक आवाजाला एक सरकतं बटण. वर ढकललं की आवाज चढतो, खाली ओढलं की उतरतो. गाणं चालू असतानाच ही बटणं हलवावी लागत आणि काकांना दोनच हात. म्हणून बँडच्या लोकांनी शेजारी उभं राहून आपापलं बटण धरायचं, असा रिवाज होता.

त्या दिवशी छोटीला कारखान्यातून सुट्टी मिळाली नाही.

तीन माणसं तीन बटणं धरून उभी राहिली. गाणं सुरू झालं. राजेने गिटार जराशी वर केली. त्यात ड्रम बुडाले म्हणून दादाने ड्रम वर केले. आता दोघांपुढे बेस ऐकू येईना, म्हणून लांब्यानेही, तो मुका माणूस, मुकाट्याने आपलं बटण ढकललं. मग राजेने पुन्हा. चौथ्या बटणावर कोणाचाच हात नव्हता. ते जिथे होतं तिथेच राहिलं आणि छोटी खाली खाली जात गेली, विहिरीत पडल्यासारखी.

“अरे, पोरीचं बटण कोण धरणार?” काका ओरडले.

“मी बघतो की,” राजे म्हणाला. त्याने बघितलंसुद्धा. एकदा डोळ्यांनी.

संध्याकाळ झाली, काका थकले, सगळ्यांना घरी जायचं होतं. तसंच उतरवून टाकलं.

तबकडी बाजारात आली आणि आपटली. एका वर्तमानपत्रात चार ओळी आल्या: ‘वाद्यं दणदणीत, गायिका बहुधा शेजारच्या घरात.’ छोटी तो कागद घेऊन कोठीत आली. मी तिथल्याच कपाटात होते, सगळं ऐकत होते.

“राजे, माझा आवाज असा का आलाय? मी ओरडून गायले होते.”

राजे खुर्चीत बसला होता, हे सांगायला नको.

“तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही,” तो म्हणाला. “त्या दिवशी तुझा आवाज पडला होता. पार बेसूर. शेवटी आम्हीच तो खाली लपवला. तुझी अब्रू राखली म्हण.”

तिने भावाकडे पाहिलं. दादा ड्रमचा स्क्रू पिळत होता. तो स्क्रू आधीच घट्ट होता.

“बरं झालं लपवलात,” छोटी म्हणाली. “आभारी आहे.”

ऐकलंत? आभार मानले तिने! मला हात असते तर मी काय केलं असतं ते तुम्हां मुलांपुढे सांगत नाही.

बँड मोडला. बारीक टेप तबकडी काढणाऱ्या कंपनीने पुसून दुसऱ्या कोणासाठी वापरली. काका वारले, पुढे लांब्याही वारला. मी राजेच्या घरी, न्हाणीघरावरच्या माळ्यावर जाऊन पडले. खाली पाणी तापायचं, वाफ वर यायची. हवेतलं पाणी पिऊन पिऊन माझा डिंक चिकट झाला. एका वेढ्याला दुसरा वेढा चिकटला. अंगावर अंग चिकटून वर्षानुवर्षं पडून राहणं काय असतं, ते कोणावर येऊ नये. आणि माळ्याखाली राजे पाहुण्यांना सांगायचा, “आमचा बँड होता हो. गाणारी कच्ची निघाली, नाहीतर...”

मग एक चमत्कारिक गोष्ट झाली. जुन्या सामानाच्या दुकानांतून त्या तबकड्या तरुण पोरांच्या हाती लागल्या. त्यांना त्या आवडल्या. एका लहानशा कंपनीने राजेला विचारलं, तुमचा पहिला अल्बम आम्ही पुन्हा काढू का? मूळ टेप आहे का?

अशी मी माळ्यावरून खाली आले आणि एका दुरुस्ती करणाऱ्या बाईंच्या टेबलावर पोचले. त्यांची खोली अर्धी दवाखान्यासारखी, अर्धी भंगारवाल्यासारखी. त्यांनी माझं टोक नखाने उचललं, वास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

“ही अशी लावली तर सोलून निघेल,” त्या म्हणाल्या. “आधी सुकवावी लागेल.”

फळं सुकवायचं यंत्र असतं ना, त्यात त्यांनी मला मंद ऊब देत ठेवलं. माझ्या अंगातलं पाणी हळूहळू गेलं. वेढे सुटे झाले. इतक्या वर्षांनी मला मोकळा श्वास आला, आणि तेव्हाच बाईंचं बोलणं कानी पडलं.

समोर राजे होता, पिकल्या केसांचा आणि पोट सुटलेला. शेजारी दादा, काठी टेकून. आणि दाराजवळच्या स्टुलावर छोटी. दादाला एकट्याने जिने चढवत नाहीत, म्हणून ती सोबत आली होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं.

“दोन गोष्टी आधीच सांगते,” बाई म्हणाल्या. “हिच्या दोन्ही कडा उचलल्यात. एकदा चालेल. दुसऱ्यांदाचं मी बोलत नाही. आणि माझं यंत्र म्हातारं आहे. चार आवाजांना चार कार्डं, म्हणजे आवाज वाचणाऱ्या पट्ट्या लागतात, त्यांतली तीनच जिवंत आहेत. म्हणजे एका फेरीत तीन आवाज निघतील.”

“चौथं कार्ड मागवा ना,” दादा म्हणाला.

“मिळत नाही. मिळालं तरी येईपर्यंत ही पुन्हा ओली होईल. पुन्हा सुकवणं हिला झेपणार नाही. कुठले तीन घ्यायचे ते ठरवा.”

“त्यात ठरवायचं काय?” राजे म्हणाला. “गिटार, ड्रम, बेस. आवाज नकोच आहे. तो नवीन घेणार आहोत. माझी सून छान गाते.”

मित्रांनो, माझे सुटे झालेले वेढे पुन्हा चिकटल्यासारखे झाले. त्या आवाजाची दुसरी प्रत जगात कुठेही नव्हती. तबकडीवर होता तो बुडालेला आवाज. खरा माझ्याजवळ, मधल्या वाटेत, आणि मी तर एका फेरीची धनीण. त्या फेरीत तिला कार्ड मिळालं नाही, तर छोटी बेसूर होती हेच कायमचं खरं ठरणार होतं.

दादा काठीची मूठ पिळत राहिला. या माणसाला गप्प बसायची जुनी सवय.

“तिसरं कार्ड मला द्या,” स्टुलावरून छोटी म्हणाली.

राजे हसला. “अगं, कशाला या वयात फजिती करून घेतेस? आवाज पडला होता तुझा. सगळ्यांना ठाऊक आहे.”

“तो पडलेलाच ऐकायचाय मला. त्याच्यापायी जन्मभर तोंड मिटून बसले. किती पडला होता ते बघू तरी.”

“छोटी, ही काय हट्ट करायची वेळ आहे?”

“राजे, तुमच्या सुनेला गळा आहे, ती कुठेही गाईल. मी कुठे जाऊ?”

“मग काय माझी गिटार काढायची? गिटारीवरच तर अल्बम चाललाय!”

“चालला कुठे?” छोटी म्हणाली. “आपटला होता की.”

बाई खोकल्या, पण ते हसू होतं. राजे लाल झाला. “दादा, तू बोल. आपण दोघं हो म्हटल्याशिवाय काही होणार नाही.”

दादाने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. इतका वेळ लावला की मला वाटलं, झोपला की काय.

“ड्रम काढा,” तो म्हणाला.

“वेडा झालास? ड्रमशिवाय नवीन आवाज बसवायचा कशावर?”

“नाही बसला तर नाही बसला. हिने पोरांना झोपवतानासुद्धा कधी गाणं म्हटलं नाही, राजे. बाकीच्या आया गातात. ही गोष्टी सांगायची.”

बाईंनी आणखी काही विचारलं नाही. त्यांनी ड्रमच्या जागेचं कार्ड उपसलं आणि आवाजाच्या जागी खोचलं.

मी फिरू लागले.

हळू, अगदी हळू. पहिल्यांदा गिटार आली, मग बेस. मग छोटी. बाईंनी बाकीचं दाबून तिचा एकटीचाच आवाज स्पीकरवर सोडला. खरखरीत, तरणा, आणि सुरावर खिळ्यासारखा. पहिलं गाणं संपलं, दुसरं सुरू झालं. बेसूर होण्याची वाट बघत छोटी पुढे वाकून बसली होती. सूर वर जाणार असं दिसलं की तिचे खांदे आक्रसत, मार चुकवावा तसे. सूर वर जायचा, बसायचा आणि पुढे निघायचा. खांदे मात्र पुढच्या सुरासाठी पुन्हा आक्रसत.

आणि इकडे माझी भुकटी सुटत होती. यंत्राचा जो भाग मला घासून आवाज वाचतो, त्या डोक्यावर तपकिरी थर साचू लागला. मी किंचाळू लागले, सुरी ताटावर घासावी तशी. बाईंनी मला थांबवलं, डोकं पुसलं, फडकं तपकिरी झालं. पुन्हा सुरू. थोड्या वेळाने पुन्हा किंचाळी.

“असं रखडत नको,” राजे म्हणाला. “ही मरायच्या आत शेवटच्या गाण्यावर न्या. माझा मोठा तुकडा तिथेच आहे.” आणि त्याने टेप पळवायच्या बटणाकडे बोट नेलं.

ते बटण दाबलं असतं तर मी वाऱ्यासारखी पळाले असते, आणि माझं कातडं जागच्या जागी सोलून राहिलं असतं. सगळं संपलं असतं. बाईंनी त्याच्या हातावर फटका मारला. म्हाताऱ्या माणसाच्या हातावर, पोराच्या मारावा तसा.

“हात खिशात ठेवा,” त्या म्हणाल्या. “नाहीतर बाहेर जाऊन बसा.”

राजेने हात खिशात घातले.

शेवटचं गाणं आलं. माझ्या कडा आता पार गेल्या होत्या आणि गिटार कडेला होती. राजेचा मोठा तुकडा भोकाभोकांनी आला: दोन सूर, मग नुसती सूं सूं, मग अर्धा सूर. याला न्याय वगैरे म्हणू नका, मित्रांनो. मला न्याय करता येत असता तर मी इतकी वर्षं माळ्यावर थांबले नसते. कड आधी झिजते, एवढंच. मधल्या वाटेत छोटी शाबूत होती. तिने शेवटचा लांब सूर धरला, धरला, आणि सोडला.

गाणं संपलं, पण मी अजून फिरत होते. तिच्या वाटेत तिचा बोलण्याचा आवाज आला. तरुण, धाप लागलेला.

“काका, बरं झालं का? परत घेऊ का?”

पुढे काही नाही. नुसती शांतता. मग पुन्हा: “काका? बोलताय ते ऐकू येत नाहीये.”

माझं टोक रिळावरून सुटलं आणि फटफट आपटू लागलं. बाईंनी यंत्र बंद केलं.

“काका बोलत होते,” छोटी म्हणाली. “काचेतून मला तोंड हलताना दिसत होतं. आत ऐकू जायचं बटण दाबायचं ते विसरले. नंतर राजे मला म्हणाले, तू बेसूर होतीस. तेव्हा मला वाटलं, काका तेच सांगत असणार.” तिने मान वळवली. “दादा, तू काचेच्या अलीकडे होतास. काय म्हणाले ते?”

दादाने डोळे पुसले नाहीत, गळा साफ केला नाही. सरळ बोलला, म्हणून मी त्याला थोडं माफ केलं. थोडंच.

“म्हणाले, परत कशाला? बोट ठेवायला जागा नाही. आणि आम्हां तिघांना म्हणाले, गाढवांनो, जरा हिच्या बरोबरीनं वाजवलं असतंत तर!”

“तुला हे ठाऊक होतं?”

“हो.”

“आणि मी आभार मानले तेव्हा?”

“तेव्हाही.”

“छोटी, तो काळ वेगळा होता,” राजे म्हणाला. “आम्ही पोरं होतो. कोणाला काय कळत होतं...”

“मीही पोरच होते, राजे,” छोटी म्हणाली. “मला सगळं कळत होतं. फक्त तुम्ही म्हणालात म्हणून मी माझ्या कानांचं मानलं नाही.”

ती उठली. बाईंना म्हणाली, मला हे घरी न्यायला द्याल का? बाईंनी तिचा एकटीचा आवाज संगणकाला जोडायच्या एका लहानशा डबीत उतरवून दिला. तिने तो पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला आणि जिना उतरून गेली. भावाला हात द्यायला ती थांबली नाही. दादा काठी टेकत एकेक पायरी उतरला. कठड्याचा आधार घेतलेला मी ऐकला. तक्रार ऐकली नाही.

ड्रमसाठी बाईंनी मला दुसऱ्यांदा लावून पाहिलं. निघाले ते तुकडे. आता माझ्या अंगावर भुकटी फार उरलेली नाही. बरीचशी मी नुसतं पारदर्शक प्लास्टिक आहे, माझ्यातून पलीकडचं टेबल दिसतं. अल्बम पुन्हा निघणार आहे म्हणतात, फाटक्या गिटारीसह. सूनबाई गाणार नाहीत. कंपनीच्या लोकांनी छोटीचा आवाज ऐकला आणि राजेचं ऐकणं बंद केलं.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी कोणी पडली असेल तर तिला वाफेपासून, उन्हापासून दूर ठेवा. जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय यंत्रावर चढवू नका. पण मी काही टेपांची वकिली करायला बसलेले नाही. टेपा मरतात. मरू देत.

माझी विनवणी माणसांबद्दल आहे. सगळे आपापलं बटण वर ढकलतील तिथे, ज्याचा हात पोचत नाही त्याचं बटण तुम्ही धरा. तेवढी लाज नसेल आणि कोणाला बुडवलंच असेल, तर निदान तसं सांगा: आम्ही तुला बुडवलं. त्याच्या तोंडावर, तूच बेसूर होतास, असं म्हणू नका. आणि हे बघत उभे राहून जे स्क्रू पिळत बसतात, त्यांनी स्वतःला भले समजू नये. त्यांनी तर खरं काय ते ऐकलेलं असतं.

छोटीला खरं कळलं तेव्हा ती आजी झाली होती. गाणारी व्हायची राहून गेली.